शिक्का नसलेली बाटली

सरोजिनीबाई वाकनिसांनी त्या तीन बाटल्या देवघरात ठेवल्या, नंदादीपाच्या अगदी लगत, अन्नपूर्णेच्या उजव्या हाताला. जयेंद्रगंजातल्या त्यांच्या चार खोल्यांच्या घरात त्याहून मानाची जागा नव्हती. बाटल्या करंगळीएवढ्या होत्या, त्यांवर हिरवं लेबल, लेबलावर सोनेरी अक्षरं आणि मधोमध सिंहाचा शिक्का. विलायतेहून मुंबईला आणि मुंबईहून बाईंच्या भावाच्या ट्रंकेतून, लोकरी मोज्यांत गुंडाळून, त्या ग्वाल्हेरला पोचल्या होत्या. त्यांत काचबिंदूचे थेंब होते. बाईंचे पती भालचंद्रपंत यांचे दोन्ही डोळे त्या थेंबांच्या भरवशावर होते. म्हणून दर शुक्रवारी देवांना हळदकुंकू वाहताना बाई बाटल्यांनाही एकेक बोट लावत. त्यात त्यांना हसण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि हसणाऱ्या लेकीला, शामलाला, त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

दुखणं उघडकीला आलं ते फाल्गुनात. पंत चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊ लागले. मग ताटाच्या डाव्या कडेची चटणी त्यांना दिसेनाशी झाली, आणि आपल्याला वाढलीच नाही असं समजून ते फुगून बसू लागले. दोन दिवस बाईंनी हा फुगा सहन केला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना टांग्यात घालून सरकारी इस्पितळात डॉक्टर शरच्चंद्र मोघ्यांकडे नेलं. मोघ्यांनी डोळ्याच्या आतला दाब मोजला, काळ्या पडद्यासमोर बसवून पांढरी टाचणी इकडून तिकडे फिरवली आणि स्पष्ट सांगितलं, की हा काचबिंदू आहे. कडेची नजर गेली आहे ती परत यायची नाही. मधली आहे ती राखता येईल, पण दाब उतरला तरच. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, एकही वेळ चुकवायची नाही.

पंतांना मधली नजर तेवढी पुरणार होती, कारण त्यांचं सगळं आयुष्य मधोमध धरलेल्या कागदात गेलं होतं. गोरखी वाड्यातल्या कचेरीत मोडी दप्तर त्यांच्या ताब्यात होतं. एका चौकोनी फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणत, आणि असे तेराशे चाळीस रुमाल भिंतीला लागून छतापर्यंत चढले होते. बत्तीस वर्षं पंतांनी त्यांच्यावरची धूळ झटकली होती. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं, कामकाज हिंदीत आलं, नवे कारकून आले, तसं मोडी वाचणारा माणूस खोलीत एकटाच उरला.

आता छप्पन्न साल उजाडलं होतं आणि मध्यभारतही मोडीत निघत होता. नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे नई सडकेवरच्या पानवाल्यालाही पाठ झालं होतं. पंतांना हुकूम आला, की ऑक्टोबर संपायच्या आत प्रत्येक रुमालात काय आहे याची हिंदीत यादी करा. ज्यांची यादी होईल ते रुमाल भोपाळला जातील. ज्यांची होणार नाही त्यांची जबाबदारी कुणी घेणार नाही. याचा अर्थ काय होतो हे पंतांना कुणी सांगावं लागलं नाही. यादी नसलेला कागद म्हणजे रद्दी, आणि रद्दी म्हणजे शेंगदाण्याच्या पुड्या.

म्हणजे पंतांची नजर दिवाळीपर्यंत टिकायलाच हवी होती. सरोजिनीबाईंना अर्थात ती दिवाळीनंतरही हवी होती. रुमालांचं त्यांना एवढं काही नव्हतं. आंधळ्या झालेल्या पंतांना हाताला धरून न्यावं लागेल आणि तो मानी माणूस ते सोसणार नाही, झुरून जाईल, ही भीती त्यांना होती.

पहिली बाटली नई सडकेवर मिळाली होती, दुकानातली शेवटची. ती बाई कपाटात ठेवत. थेंब घातले की पंत भुवई धरून बसत, कपाळ ठणकतं म्हणून कुरकुरत, आणि डोळ्यातली काळी बाहुली आकसून मोहरीएवढी होई. दाब मात्र उतरला. मोघे खूश झाले. त्या आनंदातच बाईंनी भावाकडून आलेल्या पुढच्या तीन बाटल्यांना देवाजवळ नेऊन बसवलं. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. ग्वाल्हेरचा तो उन्हाळा, बाहेर लू वाहतेय, खिडक्या बंद आणि देवघरात दिवसरात्र तेवणारी समई. एका गोष्टीचं बाईंना फार समाधान वाटे. नव्या बाटल्यांपासून पंतांचं कपाळ दुखायचं थांबलं होतं. औषध अंगी लागलं, असं त्यांनी शेजारच्या सुमनताईंना दोनदा सांगितलं.

श्रावणात मोघ्यांनी दाब पुन्हा मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोनदा मोजला. दाब पहिल्यापेक्षाही चढला होता आणि पडद्यावरची टाचणी पंतांना आणखी दोन बोटं आत आल्यावर दिसली. थेंब घेता ना, असं त्यांनी जरा कडकच विचारलं. पंतांचा पारा चढला. बत्तीस वर्षांत हजेरीपटावर एक लाल खूण नसलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे अपमान. ते उठले आणि काठी टेकत बाहेर टांग्यात जाऊन बसले. मोघे बाईंना हळू आवाजात म्हणाले, की हे असंच चाललं तर दिवाळीपर्यंत वाचण्यापुरतीही नजर राहील याची खात्री देता येत नाही.

बाई बाहेर आल्या. दुपारच्या थेंबांसाठी आणलेली बाटली पदराखाली धरून त्या औषधाच्या खिडकीपाशी भिंतीला टेकल्या. खिडकीत कान्होजी जाधव बसत. मागच्या तीन पिढ्या शिंद्यांच्या फौजेत, हे स्वतः फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर. संस्थानची फौज मोडली तेव्हा बदली होऊन इथे आले. मिशा अजून फौजेतल्याच होत्या. त्यांनी बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि त्यांची नजर बाटलीवर खिळली.

"बाईसाहेब, हिला हे लाल काय लागलंय?" त्यांनी विचारलं.

कुंकू, बाई म्हणाल्या.

"आणि हे काळं?"

बाईंनी पाहिलं. काचेच्या एका अंगाला काजळी धरली होती. समईची काजळी. कान्होजींनी आणखी दोनच गोष्टी विचारल्या, आणि त्याही फार अदबीनं. ही दवा घातल्यावर साहेबांचं कपाळ दुखतं का, आणि बाहुली बारीक होते का. बाईंना सगळं एकदम कळलं. दुखणं थांबलं होतं, कारण औषध थांबलं होतं. बाहुली कित्येक आठवड्यांत आकसली नव्हती आणि आपण ती बघितलीही नव्हती. आपल्याच हातांनी, हळदकुंकू वाहून, त्यांनी नवऱ्याचं औषध शिजवून टाकलं होतं.

त्या तिथेच रडल्या. इस्पितळाच्या व्हरांड्यात, चार लोकांसमोर, वाकनिसांच्या घरची बाई पदर तोंडाला लावून रडली. कान्होजींनी खिडकीची झडप अर्धी ओढून घेतली आणि त्यांचं रडणं होईपर्यंत शिशा पुसत बसले.

"विलायती दवा खराब नव्हती, बाईसाहेब," मग ते म्हणाले. "आगीपाशी कोणतीच दवा राहत नाही. माझीसुद्धा राहिली नसती."

माझीसुद्धा म्हणजे काय, हे बाईंनी विचारलं तेव्हा त्यांना कळलं, की खिडकीच्या मागच्या खोलीत कान्होजी तेच थेंब स्वतः तयार करतात. औषधाची भुकटी इस्पितळात येते, ती ते उकळून गाळलेल्या पाण्यात विरघळवतात. त्या पळत मोघ्यांकडे गेल्या. मोघ्यांनी काजळीची बाटली पाहून कपाळावर हात मारला, आणि मग दोन्हींचा हिशोब समजावून सांगितला. विलायती बाटलीत पायलोकार्पीन, शंभर भागांत दोन. कान्होजींच्या बाटलीतही पायलोकार्पीन, शंभर भागांत दोन. एकीला कंपनीनं नाव ठेवलंय, दुसरीला कुणी ठेवलं नाही, एवढाच फरक. आपण सुरुवातीलाच हे सुचवलं होतं, पण पंतसाहेबांना चांगल्यातलं हवं होतं, असंही ते म्हणाले. हे बाईंना नवीनच होतं. पंतांनी घरी त्याचा उच्चारही केला नव्हता.

घरी येऊन बाईंनी आधी आपली चूक कबूल केली. पंत म्हणाले, तू मुद्दाम थोडंच केलंस, आणि बाईंना पुन्हा रडू आलं. पण कान्होजींचे थेंब घ्या म्हटल्यावर मात्र गाडी अडली. आपण मुंबईहून नवी बाटली मागवू, असं त्यांनी शांतपणे जाहीर केलं. भावाला तार गेली. उत्तर आलं, की परदेशी माल मिळणं अवघड झालंय, सहा आठवडे तरी लागतील. नई सडकेवरचा दुकानदार तर हात जोडूनच उभा राहिला.

सहा आठवडे म्हणजे पितृपक्ष उलटून जाणार. तरी पंत हटेनात. याचं कारण समजायला पंत समजायला हवेत. ज्या कागदावर शिक्का नाही तो कागदच नव्हे, या एका वाक्यावर त्यांची नोकरी उभी होती. सवय इतकी मुरली होती, की लग्नाची पत्रिका आली तरी ते आधी उलटून मागे काही मोहर आहे का बघत. भाजीवाल्यानं शिक्का मारून मेथी दिली असती तर त्यांनी ती न निवडता खाल्ली असती, असं बाई वैतागून म्हणत.

"कान्होजी सज्जन आहे," पंत म्हणाले. "पण त्या बाटलीवर ना कंपनी, ना मोहर. उद्या काही झालं तर लिहायचं कोणाला?"

"बाबा, डोळ्यात दवा जाते," शामला म्हणाली, "लेबल थोडीच जाता है." ती कॉलेजात जाऊ लागल्यापासून रागावली की हिंदीत घसरायची. पंतांनी तिला मराठीत बोलायला सांगितलं आणि विषय तिथे संपवला.

बाईंनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्या एकट्याच इस्पितळात गेल्या आणि कान्होजींना म्हणाल्या, की तुम्ही दवा करता त्याचं काही लिहून ठेवता का. कान्होजी जरा बुजले. ठेवतो तर, पण ते साहेबलोकांना दाखवण्यासारखं नाही, म्हणाले. फौजेतल्या उस्तादांनी लावलेली सवय आहे, अक्षर त्यांच्यासारखंच, हिंदी काही धड लिहिता येत नाही. असं म्हणत त्यांनी फळीवरून एक जाड वही काढली. बाईंनी ती उघडली आणि त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही. पण ते कोणतं अक्षर आहे हे त्यांना कळलं. तसली वेटोळी अक्षरं त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिली होती. वही मोडीत होती.

रविवारी सकाळी कान्होजी वही घेऊन सायकलवरून जयेंद्रगंजात आले. पंतांनी त्यांना आदरानं बसवलं, पण येण्याचं कारण कळल्यावर चेहरा सरकारी केला. वही मात्र त्यांनी हातात घेतली. मोडी दिसल्यावर ती न वाचणं त्यांच्या हातात नव्हतं. खिडकीपाशी जाऊन, मान थोडी वाकडी करून, ते वाचू लागले. तारीख, भुकटीचं वजन, पाणी किती वेळ उकळलं, कितीदा गाळलं, शिशा किती भरल्या, कोणाकोणाला दिल्या. प्रत्येक खेपेचं एक पान, आठ वर्षांची पानं. पंत ओठ हलवत पानं उलटत गेले. चहा आला, गार झाला. एका पानावर ते थांबले, वही डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्यानं वाचलं, "दोन शिशांत तंतू दिसला. फडकं नीट धुतलं नव्हतं, चूक माझी. खेप सगळी ओतून दिली."

कान्होजी मान खाली घालून बसले होते. आपली लाज चारचौघांत वाचली गेली, असंच त्यांना वाटत असणार. पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खोट्या दप्तरात चूक कधी नसते, कान्होजीराव," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं बघतोय."

तरी ते पंतच. सगळं एकदम मान्य करतील तर शपथ. त्यांनी तोड काढली. काजळीच्या बाटलीत अजून तळाशी औषध होतं. सिंहाचं औषध उजव्या डोळ्यात घालावं, कान्होजींचं डाव्यात, आणि काय होतं ते बघावं. कान्होजींनी काजळीची बाटली उजेडात धरून पाहिली आणि डोळ्याला अपाय व्हावा असं त्यात काही राहिलेलं नाही, उपयोगही नाही, असं सांगितलं. मग बाईंनी पंतांचं डोकं मागे टेकवलं, खालची पापणी ओढली, एक थेंब उजवीकडे घातला आणि हात धुऊन दुसरा डावीकडे. शामला घड्याळ घेऊन बसली.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. पंतांनी कान्होजींना त्यांच्या आजोबांच्या पलटणीबद्दल विचारलं. पंधराव्या मिनिटाला ते बोलता बोलता अडखळले आणि डावी भुवई चोळू लागले. बघ, देशी औषधाचा त्रास सुरू झाला, असं ते पुटपुटले. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या उठल्या, खिडकीचा पडदा सरकवला आणि नवऱ्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. उजवी बाहुली होती तेवढीच होती, मोठी, काळी, सुस्त. डावी मोहरीएवढी झाली होती.

"मोहरी," बाई म्हणाल्या. त्यांनी कोनाड्यातला दाढीचा आरसा आणून पंतांच्या हातात दिला.

पंतांनी आरसा जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे फिरवला. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून बघाव्यात तसं त्यांनी ते पाच मिनिटं केलं. मग आरसा खाली ठेवून त्यांनी डोकं स्वतःहून मागे टेकवलं आणि उजव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यातही घाला." त्या दोन शब्दांइतकं गोड बाईंनी पंतांच्या तोंडून लग्नात घेतलेल्या उखाण्यातही ऐकलं नव्हतं.

कान्होजींची एकच अट होती. दर आठवड्याला ताजी शिशी न्यायची, जुनी परत आणायची आणि ठेवायची ती माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्यात, अंधारात. देवाला सांगा, दवा शेजारच्या खोलीत आहे, तिथून बघेल तो, असं ते मिशीत हसत म्हणाले. बाईंनी हसून घेतलं. इतकं बोलायचा हक्क त्या माणसानं कमावला होता.

आता दिवसातून चार वेळा. सकाळची आणि संध्याकाळची वेळ घरातच जमत होती, पण दुपारच्या दोन कचेरीत यायच्या. पंतांचा हात थरथरे, थेंब गालावर पडे. मग बाईंनी ठरवून टाकलं. साडेअकराला स्वयंपाकघर आवरून, शिशी ओल्या रुमालात गुंडाळून, त्या जयेंद्रगंजातून गोरखीपर्यंत चालत जाऊ लागल्या. वाकनिसांच्या सात पिढ्या त्या कचेरीत गेल्या होत्या, पण त्यांच्यातली एकही बायको गेली नव्हती. पहिल्या दिवशी कारकुनांनी मान वर केली, शिपाई उगीचच उभा राहिला. आठव्या दिवशी बाई आल्या म्हणजे बारा वाजले, असं लोक घड्याळ लावू लागले.

थेंबांनी नजर राखली, पण उजेड कमी केला. मोहरीएवढ्या बाहुलीतून किती प्रकाश आत जाणार. दप्तराच्या खोलीत पंतांना सगळं संध्याकाळ झाल्यासारखं दिसे आणि रुमाल हातात घेऊन ते खिन्न बसत. दोन दिवस हे पाहून बाईंनी शिपायाच्या मदतीनं टेबल उचलून बाहेर व्हरांड्यात, थेट उन्हात आणून मांडलं. पंत कागद सूर्याकडे धरून मोडी वाचत आणि हिंदीत सांगत. लिहिण्यात त्यांचा वेळ आणि डोळे जात हे लक्षात आल्यावर बाईंनी त्यांच्या हातातून टाक काढून घेतला. बाईंचं अक्षर शाळेत बक्षीस मिळालेलं होतं आणि तीस वर्षं ते धोब्याच्या यादीवर वाया जात होतं. पुन्हा घरी कशाला जायचं म्हणून मग त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसू लागल्या.

रुमाल सुटत गेले. कुठे एखाद्या पागेतल्या घोड्यांची नावं, कुठे विहिरीवरून झालेला तंटा, कुठे विधवा सुनेनं खर्चापोटी मागितलेली चोळीबांगडी. पंत वाचता वाचता हसत, चिडत, मेलेल्या कारकुनांच्या चुका काढत. बाईंना नवरा काय करतो हे पहिल्यांदाच कळत होतं. गणपती आले नि गेले. नवरात्रात हजारावा रुमाल झाला. ज्यांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं त्या कारकुनांपैकी दोघं आता न सांगता पुढचे रुमाल काढून झटकून ठेवत. मुंबईहून भावाची बाटली त्याच सुमारास पोचली, सिंहासकट. पंतांनी लेबल वाचलं, त्यातलं पायलोकार्पीन आणि दोनाचा आकडा शोधून काढला, बाईंना दाखवला, आणि बाटली मोघ्यांकडे ज्याला लागेल त्याला द्या म्हणून पाठवून दिली.

कोजागरीनंतर मोघ्यांनी बोलावलं. बाईंनी त्या दिवशी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मोघ्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला, तिसऱ्यांदा मोजला. मग काळा पडदा लावून टाचणी कडेकडून आत आणू लागले. पंत सरळ समोर बघत बसले होते, टाचणी दिसली की आता, म्हणत. डावीकडून, वरून, खालून. प्रत्येक वेळी मोघे खडूनं खूण करत आणि श्रावणातल्या कागदाशी ताडून बघत. शेवटी त्यांनी खडू ठेवला. दाब दोन्ही डोळ्यांत उतरला होता. आणि श्रावणापासून एक टाचणीभरही नजर गेलेली नव्हती.

बाई खोलीतून बाहेर पडल्या त्या थेट औषधाच्या खिडकीपाशी. समोर रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत त्यांनी खिडकीतून हात आत घालून कान्होजींच्या हातावर दोन बेसनाचे लाडू ठेवले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की साहेबांचे डोळे वाचले, ह्यांच्या औषधानं वाचले. रांगेतली एक म्हातारी विचारू लागली, कोणतं औषध, कोणत्या कंपनीचं. बाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, समई आणि काजळीसुद्धा वगळली नाही.

शेवटचा रुमाल ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनला सुटला आणि चारला बांधला गेला. तेराशे चाळीस. यादी भोपाळहून आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती दिली. त्यानं ती चाळली, अक्षर कोणाचं म्हणून विचारलं, आणि पंतांनी मान ताठ करून बायकोचं नाव सांगितलं. ट्रक भरले जात होते. कचेरीतला मध्यभारताचा शिक्काही जमा करायचा होता, तो लाल फडक्यात बांधण्यासाठी टेबलावर ठेवलेला होता. कान्होजी आठवड्याची शिशी घेऊन स्वतः आले होते, बगलेत वही होती, कारण पंतांनी निरोप पाठवून ती मागवली होती.

पंतांनी वही उघडून ते फडकं न धुतल्याचं पान काढलं. त्याखाली मोडीत दोन ओळी लिहिल्या, की हे दप्तर तपासलं, खरं आहे. मग इकडेतिकडे न बघता शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि पानावर ठणकावून उमटवला. बत्तीस वर्षांत हुकुमाशिवाय मारलेला पहिला, आणि त्या शिक्क्याचा शेवटचा. कान्होजींनी टाच जुळवून फौजी सलाम ठोकला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

दिवाळीत बाईंनी घरभर पणत्या लावल्या. गच्चीच्या कठड्यावर तर त्यांनी मुद्दाम एका ओळीत एकवीस मांडल्या, पंतांना मधोमध उभं केलं आणि मान न हलवता समोर बघून किती दिसतात ते सांगायला लावलं. पंतांनी मोजायला वेळ घेतला. अकरा, म्हणाले. कडेच्या पाच-पाच नाहीत. बाईंनी त्या अकरांतल्या पहिल्या आणि शेवटच्या पणतीखाली कोळशानं रेघ ओढली. पुढच्या दिवाळीला इथूनच मोजायचं, कमी चालायच्या नाहीत, अशी त्यांनी ताकीद दिली. पंत बरं म्हणाले.

मग थेंबांची वेळ झाली म्हणून त्या खाली आल्या. देवघर, ओसरी, कोनाडे, जिन्याची पायरी न पायरी उजळली होती. शामला एक उरलेली पणती हातात धरून कुठे ठेवू विचारत होती आणि माठाच्या तिवईकडे वळली होती. बाईंनी तिचा हात धरून तिला मागे ओढलं. तेवढा एक कोपरा त्यांनी मुद्दाम अंधारात ठेवला होता.